‘एकटी कशाला उठलीस’ असं विचारण्याआधी

आईचा खुबा मोडला तो घरात नाही, हॉस्पिटलात. पायांना सूज होती, दोन पावलं चालली की धाप लागायची, म्हणून ॲडमिट केली होती. पाच दिवसांच्या गणपतीचं विसर्जन होऊन दोनच दिवस झाले होते, घरी गणपतीवरची फळाफुलांची माटोळी अजून तशीच टांगलेली. तिसऱ्या रात्री साडेतीनला ती बाथरूमला जायला उठली आणि पडली. बायकांचा वॉर्ड, रात्री पुरुष माणसाला आत थांबू देत नाहीत, बायको दोन रात्री जागून तापाने फणफणलेली, भाऊ कतारला. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये बाकड्यावर आडवा झालो होतो, म्हणजे तिच्यापासून तीस-पस्तीस पावलांवर. पडल्याचा आवाज मी ऐकला पण तो आईचा आहे हे मला कळलं नाही, कोणाचा तरी स्टूल पडला असं वाटलं.

आत गेलो तेव्हा ती बाथरूमच्या उंबरठ्याशी एका कुशीवर पडलेली, हाताची सलाईनची सुई निघालेली, आणि नर्स तिच्या डोक्याखाली हात घालून कोंकणीत एकच विचारत होती, एकटी कित्याक उठली, एकटी कित्याक उठली. मी त्या नर्सवर ओरडलो. खूप ओरडलो, तिचं लक्ष कुठे होतं, पगार कशाचा घेता, उद्या कंप्लेंट करतो, सगळं बोलून घेतलं. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी असेल. तिने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. हे मी इथे लिहितोय कारण त्या रात्री मी जे केलं तेच आपण सगळे करतो आणि त्याने काहीही सुधारत नाही, हे मला त्यानंतरच्या दीड वर्षात हळूहळू कळत गेलंय. हॉस्पिटलचं नाव घेणार नाही, सरकारी की प्रायव्हेट तेही सांगणार नाही, कारण मग चर्चा त्या एका हॉस्पिटलवर जाईल आणि मला जे म्हणायचंय ते सगळ्याच हॉस्पिटलांबद्दल आहे.

सकाळी ऑर्थोपेडिकच्या डॉक्टरांची वाट बघत मी आईच्या बेडजवळ बसलो होतो, तेव्हा पहिल्यांदा ती जागा नीट बघितली. बेड उंच, म्हणून उतरायला खाली एक लोखंडी पायरी ठेवलेली, तिच्या चार पायांपैकी एकाचं रबर गेलेलं, पाय ठेवला की डुगडुगते. घंटीचं बटण होतं, पण वायर गुंडाळून बेडच्या मागे भिंतीतल्या खिळ्याला अडकवलेली, झोपलेल्या माणसाचा हात तिथे पोचणंच शक्य नाही. सलाईनच्या स्टँडचं एक चाक जाम, ढकलला की तो एका बाजूला ओढतो. बाथरूमच्या दाराला चार बोटं उंच उंबरठा, आत पकडायला दांडा नाही, ट्यूब लुकलुकणारी. बाहेर सप्टेंबरचा पाऊस, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपलांनी आणि छत्र्यांनी पॅसेज दिवसभर ओला, पुसला तरी ओलाच. आईचा चष्मा आणि कानातलं मशीन हरवू नये म्हणून आम्हीच, म्हणजे घरच्यांनीच, कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं.

आणि मग केस पेपर. पाणी कमी करायची लघवीची गोळी दुपारी चारला द्यायची होती, पण त्या वेळी तिला इकोला नेलं होतं, फाईल तिच्याबरोबर गेली, परत आली तेव्हा शिफ्ट बदलत होती, नव्या शिफ्टला वाटलं दिली असेल, रात्री दहाला कोणाच्या तरी लक्षात आलं आणि तेव्हा दिली. ही गोळी पुढचे सहा तास माणसाला बाथरूमला पळवते. बीपीची गोळी त्याच दिवशी बदललेली. शेजारच्या बेडच्या मॉनिटरची टीं टीं चालू असल्यामुळे झोप येत नव्हती म्हणून झोपेची अर्धी गोळी, ती आम्हीच डॉक्टरांकडे मागितली होती. यातली एकही गोष्ट एकटी घेतली तर कोणाला गुन्हा वाटणार नाही. सगळ्या मिळून एक ७४ वर्षांची बाई, अर्धवट झोपेत, चष्म्याशिवाय, उतरलेल्या बीपीने, भरलेल्या ब्लॅडरने, एका हाताने वाकडा चालणारा स्टँड ढकलत ओल्या फरशीवरून उंबरठ्याकडे निघाली.

मी तिला नंतर विचारलं, नर्सला हाक का नाही मारलीस. ती म्हणाली, “दोनदा उठवलं होतं रे तिला. तिसऱ्यांदा बघितलं तर ती पलीकडच्या म्हातारीला ऑक्सिजन लावत होती. एकटी पोर ती, किती हाका मारायच्या?”

अठ्ठावीस बेडचा वॉर्ड होता, मी मोजलाय. रात्री दोन नर्स, त्यातली एक नवीन पेशंट आला म्हणून खाली गेलेली. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष बघितला तर टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स, साध्या हॉस्पिटलात पाचांमागे एक, आयसीयूत एकास एक, आणि रजा वगैरे धरून वर आणखी माणसं राखीव. रात्रीच्या वेळी हे प्रमाण प्रत्यक्षात कुठे दिसतं का ते ज्यांनी हॉस्पिटलात रात्री काढल्यात त्यांनीच सांगावं. नर्स कमी असल्या तर फक्त बेडपॅन उशिरा मिळतं असं नाही. २००२ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा एक मोठा अभ्यास छापून आला होता, लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, त्यात एका नर्सवर एकेक जादा सर्जिकल पेशंट आला की तीस दिवसांत मरण येण्याची शक्यता साधारण ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ७ टक्के एका जादा पेशंटला. आपल्याकडे तर एकेका नर्सवर दहा-बारा जादा असतात. तिकडचा आकडा इकडे जसाच्या तसा गुणून चालणार नाही हे मला माहीत आहे, पण दिशा कुठली ते सांगायला डॉक्टर असायची गरज नाही.

केस पेपरवर मात्र आईच्या पडण्याची नोंद एका ओळीची होती, इंग्रजीत, अर्थ असा की पेशंट न सांगता उठली व पडली. झालं. जिचा खुबा मोडला तीच जबाबदार, आणि ती नसेल तर नर्स. माझं भांडण या एका ओळीशी आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की उपचार घेताना दर दहा पेशंटमागे साधारण एकाला काही ना काही इजा होते, आणि त्यातली निम्म्याहून जास्त टाळता येण्यासारखी असते. असुरक्षित उपचारांनी जगात वर्षाला ३० लाखांवर माणसं जातात असा त्यांचाच अंदाज आहे. इजा म्हणजे आजार बरा झाला नाही असं नव्हे, तर आजाराशी संबंध नसलेली, हॉस्पिटलात आल्यामुळे झालेली इजा. पडणं, पाठीला जखमा होणं, चुकीचं किंवा चुकीच्या मात्रेत औषध, कॅथेटरमधून इन्फेक्शन, एकाच जागी पडून पायात रक्ताची गुठळी. १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने रिपोर्ट काढला की तिथल्या हॉस्पिटलात अशा चुकांनी वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार माणसं मरतात, तेव्हा तिथे मोठी खळबळ झाली होती, आणि त्या रिपोर्टचं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं आकडा नव्हतंच, म्हणणं हे होतं की चुका वाईट माणसं करत नाहीत, चांगली माणसं वाईट व्यवस्थेत करतात. जेम्स रीझन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने हेच चीजच्या चकत्यांचं उदाहरण देऊन सांगितलंय, प्रत्येक चकतीला भोकं असतात, एरवी एकीचं भोक दुसरीने झाकलं जातं, पण सगळी भोकं एका रेषेत आली की आरपार जातं. आपल्याकडे चीज नको, पावसाळ्यात कौलं बघा, एक कौल सरकलं तर खालचं कौल पाणी अडवतं, तीन-चार एकाच जागी सरकली की थेट अंथरुणावर धार. आईच्या वेळी डुगडुगती पायरी, उशिराची गोळी, अडकवलेली घंटी, कमी नर्स, कुलपातला चष्मा, सगळी कौलं एका जागी सरकलेली होती. आणि आपण घरमालक होऊन शेवटच्या कौलाला शिव्या देत बसतो.

गोव्यात हे म्हणायला थोडं जड जातं, कारण आरोग्याच्या बाबतीत आपल्याला अभिमान आहे आणि तो खोटा नाही. १८४२ मध्ये पणजीत पोर्तुगीजांच्या काळात मेडिकल स्कूल निघालं, त्याचंच पुढे गोवा मेडिकल कॉलेज (जीएमसी) झालं, आज तिथे, बांबोळीला सावंतवाडी, दोडामार्ग, कारवारपासून माणसं येतात. म्हापसा आणि मडगावला जिल्हा हॉस्पिटलं आहेत, फोंड्याला उपजिल्हा हॉस्पिटल आहे, २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला चार लाखांचं कव्हर मिळतं. उपचार मिळतात का, हा प्रश्न आपण बऱ्यापैकी सोडवलाय. पण उपचार घेताना माणूस धड राहतो का, हा प्रश्न आपण विचारतच नाही, आणि विचारलाच तर आपल्याला एकच पद्धत माहीत आहे, कोणाला तरी उभं करून झापणं.

२०२५ च्या जूनमध्ये काय झालं ते सगळ्यांनी मोबाईलवर बघितलंय. एका म्हातारीला इंजेक्शन दिलं नाही अशी तक्रार आली, आरोग्यमंत्री जीएमसीच्या कॅज्युअल्टीत गेले आणि कॅमेऱ्यांसमोर तिथल्या सीनियर डॉक्टरला बोलले, सस्पेंड करा म्हणाले. मग डॉक्टर रस्त्यावर आले, मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की सस्पेन्शन होणार नाही, मंत्र्यांनी माफी मागितली. कोण बरोबर कोण चूक हा वाद मला उकरायचा नाही. मला फक्त त्या कॅज्युअल्टीतल्या नर्सच्या जागी उभं राहून विचार करायचाय, उद्या तिच्या हातून एखादं औषध चुकलं, पेशंटला काही झालं नाही, थोडक्यात वाचला, तर ती सांगेल का? वर जाऊन म्हणेल का की सर, या दोन बाटल्या सारख्या दिसतात, आज माझ्या हातून अदलाबदल होणार होती? नाही सांगणार. आणि तिने सांगितलं नाही म्हणून पुढच्या महिन्यात दुसरीच्या हातून ती अदलाबदल होईलच, तेव्हा पेशंट वाचेल की नाही माहीत नाही.

औषधांचं उदाहरण देतो, कारण हे घरोघरी समजेल. आपल्या देशात इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटवाल्या असतात, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट, पण १०० वाल्याही मिळतात, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या, एकीचं टोपण लाल, दुसरीचं केशरी. लाल आणि केशरी. रात्री दोन वाजता, ट्यूबच्या उजेडात, चोवीस तासांपैकी सोळा तास उभ्या असलेल्या माणसाला. ४० च्या सिरिंजने १०० चं इन्सुलिन ओढलं तर अडीच पट डोस जातो, साखर खाली, पेशंट बेशुद्ध. किंवा डॉक्टरने १० युनिट लिहिताना १० पुढे इंग्रजी यू काढला आणि तो शून्यासारखा दिसला, तर १०० होतात. हे धोके जगभर माहीत आहेत म्हणून तर युनिट हा शब्द पूर्ण लिहा असं शिकवतात. इथे नर्सला काळजी घे सांगून काय होणार, एका वॉर्डात एकच प्रकारची बाटली आणि एकच सिरिंज ठेवा, प्रश्न मिटला. पोटॅशियम क्लोराईडच्या तीव्र द्रावणाची बाटली वॉर्डच्या ट्रेमध्ये साध्या पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवूच नका असं म्हणतात ते त्याचसाठी, सरळ शिरेत गेलं तर हृदय थांबतं.

आणि मे २०२१ आपण विसरलो असं मला कधी कधी वाटतं आणि भीती वाटते. ११ मेच्या पहाटे २ ते ६ या वेळात जीएमसीत २६ कोविड पेशंट गेल्याचं आरोग्यमंत्र्यांनीच सांगितलं होतं, प्रकरण हायकोर्टाच्या गोवा खंडपीठासमोर होतं, ऑक्सिजनच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरने आणून जोडायच्या, तो जोडताना प्रेशर पडायचं, हे सगळं कोर्टात आलं. कोणत्या मृत्यूचं कारण नेमकं काय हे मी ठरवणार नाही. पण वेळ बघा. पहाटे २ ते ६. आईची वेळ साडेतीन. रात्री माणसं कमी, सीनियर घरी, लॅब अर्धी बंद, जागे असलेले थकलेले, आणि पेशंट सगळ्यात कमजोर, जगात कुठेही जा, रात्र आणि सुटीचे दिवस हॉस्पिटलात जास्त धोक्याचे. शिफ्ट बदलायची वेळ तशीच. अर्ध्या तासात तीसभर माणसांची माहिती एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात ओतायची, उभ्या उभ्या, मध्येच फोन वाजतोय, नातेवाईक विचारतायत सिस्टर सलाईन संपलं. आईची गोळी तिथेच हरवली होती. हॅन्डओव्हर टेबलाशी न करता प्रत्येक बेडपाशी जाऊन, पेशंटच्या देखत केला तर पेशंट स्वतः म्हणू शकतो, अहो माझी चारची गोळी राहिली. याला पैसा लागत नाही, दहा-पंधरा मिनिटं लागतात, पण ती दहा मिनिटं द्यायला दोनऐवजी चार नर्स हव्यात, म्हणजे फिरून पुन्हा तिथेच.

आता नातेवाईकांचा विषय, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही. आपल्याकडची हॉस्पिटलं नातेवाईकांवर चालतात. पेज भरवणं, कूस बदलणं, बेडपॅन लावणं, सलाईन संपतंय का बघणं, एक्सरेला ढकलत नेणं, हे सगळं घरचं माणूस करतं असं गृहीत धरलंय आणि नर्सची संख्याही त्या हिशोबाने पुरते. पण गोव्यात घरचं माणूस आहे कुठे? एक मुलगा गल्फला, एक बोटीवर, मुलगी पोर्तुगीज पासपोर्ट करून लंडनला किंवा पुण्याला आयटीत, घरात दोन म्हातारी माणसं आणि कुत्रा. मग बाराशे-पंधराशे रुपये देऊन बारा तासांची केअरटेकर ठेवायची, तीही बिचारी कालची दुसरी ड्युटी करून आलेली. ज्याला तेही परवडत नाही त्याच्याजवळ कोणीच नाही. शिवाय नातेवाईक म्हणून जो बसतो त्याला कोणी काही शिकवत नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं की झोपून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, टाचेखाली उशी अशी द्यायची की टाच हवेत राहील. शेजारच्या बेडवर एक डिचोलीकडच्या काकी होत्या, मुलगा रोज सकाळ-संध्याकाळ प्रेमाने पाठीला पावडर लावायचा, चौथ्या दिवशी माकडहाडाजवळ लाल चट्टा, सातव्या दिवशी कातडी गेली. तो मुलगा रडत होता की मी रोज पावडर लावत होतो. पावडरने काय होणार, हाडाखाली दबून रक्त पोचत नाही म्हणून कातडी मरते, ती कूस बदलल्याशिवाय वाचत नाही. त्याला पहिल्या दिवशी कोणी पाच मिनिटं उभं राहून दाखवलं असतं तर?

रात्री म्हातारी माणसं हॉस्पिटलात बरळायला लागतात हेही कोणी सांगत नाही. घरी शहाणी असलेली बाई इथे मध्यरात्री सुया उपटते, घरी जाऊया म्हणते, गेलेल्या माणसांना हाका मारते, आणि नातेवाईक घाबरून देवाला सांगणं घालतात, कोण म्हणतं डोक्यावर परिणाम झाला. इन्फेक्शन, पाणी कमी, झोपेची गोळी, अनोळखी जागा, चष्मा नाही, ऐकू येत नाही, याने होतं ते, आणि बहुतेक वेळा ओसरतंही, पण त्या दोन-तीन रात्रींत पडण्याचा धोका भलताच वाढतो. ज्या माणसाचा चष्मा आणि कानाचं मशीन काढून घेतलंय तो अंधारात बरळणार नाही तर काय करणार.

यावर उपाय म्हणून काही जण म्हणतात बांधून ठेवा, बेडच्या कडा वर करा, उठूच देऊ नका. मलाही त्या रात्रीनंतर तसंच वाटलं होतं. पण कडा वर केल्या तर बरळणारा माणूस कडेवरून चढतो आणि जास्त उंचीवरून पडतो. बेडला अलार्म लावून अमेरिकेत ट्रायल झाली, २०१२ मध्ये छापली, पडणं कमी झालं नाही. आणि उठूच दिलं नाही तर वेगळंच नुकसान. २००७ चा एक प्रयोग आहे, धडधाकट म्हाताऱ्या माणसांना दहा दिवस बेडवर ठेवलं, दहा दिवसांत पायाचं जवळपास एक किलो मांस गेलं. आजारी नव्हती ती माणसं. म्हणजे पडू नये म्हणून झोपवून ठेवलेला माणूस घरी गेल्यावर नक्की पडणार, फक्त तेव्हा ते हॉस्पिटलच्या खात्यात लागणार नाही. अमेरिकेत ऑक्टोबर २००८ पासून मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या म्हाताऱ्यांच्या सरकारी इन्शुरन्सने, ठरवलं की हॉस्पिटलात पडून झालेली इजा, मोठे बेडसोअर (झोपून झोपून होणाऱ्या जखमा) यांचे जादा पैसे देणार नाही, आपल्याकडेही इन्शुरन्सने तसं करावं असं कोणी सुचवेल, मला ते पटत नाही. दंडाच्या भीतीने हॉस्पिटलं पेशंटला बेडला खिळवतात किंवा नोंदच करत नाहीत. आपल्याकडे तर नोंद न करणं आधीच सोपं आहे.

ज्याने खरंच फरक पडला ती गोष्ट फार साधी आहे. बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या १४ वॉर्डांमध्ये बेडपाशी एक कागद लावला, त्यावर या पेशंटला पडण्याचा धोका कशामुळे आहे आणि त्यासाठी काय करायचं एवढंच, चित्रं काढून, आणि तो कागद नर्स, पेशंट आणि घरचे यांनी मिळून रोज भरायचा. २०२० मध्ये निकाल छापून आला, पडणं १५ टक्क्यांनी आणि पडून इजा होणं ३४ टक्क्यांनी कमी झालं. कागद आणि पेन. आपल्याकडे हे मराठीत, कोंकणीत, हिंदीत, कन्नडमध्ये करायला कितीसा खर्च? त्याबरोबर बाथरूमला दांडा, उंबरठा काढून उतार, रात्रीचा छोटा दिवा, घंटी हाताशी, लघवीची गोळी संध्याकाळनंतर नाही, बेडशेजारी कमोडची खुर्ची, आणि बायकांच्या वॉर्डात रात्री घरची बाई नसेल त्या पेशंटजवळ हॉस्पिटलची एक आया. नर्सची भरती मोठी गोष्ट आहे, वेळ लागेल, पैसा लागेल, ती मागायचीच, पण डुगडुगत्या पायरीला रबर बसवायला कुठलं बजेट लागतं?

आणि मोजा. माझं मुख्य मागणं हेच आहे. एनएबीएचचं, म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, सर्टिफिकेट असलेल्या हॉस्पिटलांना दर हजार बेड-दिवसांमागे किती पेशंट पडले, किती जणांना बेडसोअर झाले याची नोंद ठेवावीच लागते. म्हणजे आकडा आहे, फाईलमध्ये आहे, आपल्यापर्यंत येत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये हॉस्पिटलात असताना कोणाचा खुबा मोडला तर त्याचं राष्ट्रीय ऑडिट होतं, पेशंटला काय धोका होता, कोणी तपासला, पडल्यावर किती वेळात डॉक्टर आला, आणि रिपोर्ट सगळ्यांसाठी खुला असतो. गोव्यात हॉस्पिटलं किती, मोजकी. पेडण्यापासून काणकोणपर्यंत दोन-अडीच तासांत गाडी जाते. एवढ्याशा राज्यात सरकारी आणि प्रायव्हेट सगळ्यांनी दर तीन महिन्यांनी हे दोनच आकडे बाहेर लावावेत, ओपीडीच्या दारात, विझिटिंगच्या वेळेच्या बोर्डाशेजारी. नर्सचं नाव नको, पेशंटचं नाव नको.

लोक म्हणतील, आकडा जास्त असलेल्या हॉस्पिटलावर गर्दी तुटून पडेल, पेपरात बदनामी होईल. पहिली दोन वर्षं होईल, खरं आहे. जे हॉस्पिटल प्रामाणिकपणे मोजेल त्याचा आकडा सुरुवातीला मोठाच येणार, आणि ज्याचा शून्य असेल त्याच्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. हे आपल्याला, पेपरवाल्यांना आणि मंत्र्यांना समजून घ्यावं लागेल. ज्या नर्सने पडल्याची नोंद केली तिला मेमो दिला तर पुढच्या महिन्यात आकडा शून्य होईल आणि माणसं पडत राहतील. मुद्दाम केलेला निष्काळजीपणा, दारू पिऊन ड्युटी, बोलावून न येणं, याला शिक्षा हवीच, त्याला कन्झ्युमर कोर्ट आहे, १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांची सेवा कन्झ्युमर कायद्याखाली आणली तेव्हापासून तो रस्ता उघडा आहे. पण आईच्या केसमध्ये मी कोर्टात गेलो असतो तर कोणावर? वकिलाने मला हेच विचारलं होतं. पायरीवर? चष्म्याच्या कपाटावर, ज्याची किल्ली माझ्या खिशात होती?

त्या नर्सला मी नंतर शोधलं. आई डिस्चार्ज होण्याच्या आदल्या दिवशी ती ड्युटीवर होती. मी सॉरी म्हणालो तर तिने मान खाली घातली आणि म्हणाली की त्या रात्री पलीकडच्या आजी वाचल्या. मग थोड्या वेळाने म्हणाली, पायरीचं मी दोनदा लिहून दिलं होतं, रजिस्टरमध्ये आहे.

आई आता वॉकरवर चालते. अंगणात तुळशीपर्यंत जाते, पण तिथल्या दोन पायऱ्या उतरत नाही, पाणी वरूनच घालते. मागच्या मे महिन्यात तिला पुन्हा चार दिवस ॲडमिट करावं लागलं, दुसऱ्या ठिकाणी. पहिल्या संध्याकाळी मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून तिच्या डोक्याशी चिकटवलं: एकटं उठायचं नाही, उजवा खुबा ऑपरेशन झालेला, चष्मा आणि मशीन उशीपाशी, काढू नये, लघवीची गोळी सकाळी ८ आणि दुपारी २, नंतर नाही. घंटीची वायर बँडेजच्या पट्टीने बेडच्या दांड्याला बांधली. राउंडला आलेल्या सिस्टरने ते वाचलं, गोळीची वेळ केस पेपरवर बघितली, संध्याकाळी ६ लिहिली होती, तिने डॉक्टरांना फोन करून बदलून घेतली. जाताना शेजारच्या बेडवरच्या आजींच्या सुनेने मला विचारलं, पेन आहे का, आणि पुठ्ठा अर्धा उरलाय का.